शांतवनतात्यांचा अबोला

श्रद्धेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते बहुधा श्रद्धावंतांनीच लिहिले आहे. सत्कर्माचेही तेच. परंतु या दोहोंच्या मधल्या पडीक पट्ट्यात काही माणसे सारे आयुष्य काढतात; त्यांच्याविषयी बोलू लागले की वाणी अडखळते. ज्याच्या नावाने हात जोडायचे तो ऐकत नाही, असे एकदा मनाने घेतले की बहुतेकांचे हात हळूहळू कामावरूनही खाली येतात. आपल्या दातृत्वाच्या तळाशी फळाची एक सूक्ष्म अपेक्षा दडलेली असते. ती इहलोकीची नसली तर परलोकीची असते, एवढाच काय तो फरक. ती अपेक्षाच जळून गेल्यावरही ज्याचे हात थांबत नाहीत, त्याच्या त्या गुणाला कोणते नाव द्यावे? निष्काम म्हणावे, तर तो शब्द फार शीतल आहे. या माणसांच्या आतली धग त्यात मावत नाही. त्यापेक्षा आपल्या घरांतून नवराबायकोचा अबोला असतो, तो आठवावा. शब्द बंद होतो. पण चूल पेटते, ताट वाढले जाते, दारातली वहाण उन्हातून सावलीत सरकवली जाते. असे न बोलता एकमेकांचे सारे करीत राहण्यात राग किती आणि नाते किती, हे शेजाऱ्याला सांगता येत नाही. पुष्कळदा त्या दोघांनाही नाही. शांतवन झुंबर साळवे यांनी असा अबोला साक्षात परमेश्वराशी धरला होता, आणि तीसेक वर्षे त्याच्याच घरचे काम केले होते.

वालचंदनगरहून लासुर्ण्याकडे निघाले की उसाच्या फडांच्या आडोशाला पत्र्याच्या छपराचे एक लहानसे प्रार्थनामंदिर लागते. तिथे जमणाऱ्या थोड्या ख्रिस्ती कुटुंबांना आसपासचे लोक ‘मंडळी’ म्हणतात, आणि तीही स्वतःला तसेच म्हणवून घेतात. शांतवनतात्या वालचंदनगरच्या कंपनीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी मंदिराच्या कुंपणाला लागूनच दोन खोल्या बांधल्या, आणि पत्नी लीलाबाईंसह तिथे राहू लागले. मंदिराचे दार लावणे, पत्रे झाडणे, पावसाळ्याआधी खिळे ठोकणे हे त्यांच्याकडे आपसूकच आले. पण त्यांचे खरे वतन निराळे होते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट; प्रभूच्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून मंडळी ते घेते. हा रस करण्याचे काम तात्यांच्या वडिलांकडून त्यांच्याकडे आले होते. हंगामात शेजारच्या दादासोंच्या बागेतली काळी द्राक्षे. एरवी भिजवून फुगवलेल्या मनुका. आदल्या शनिवारी ते पितळेच्या पातेल्यात मंद आचेवर रस उकळीत, पांढऱ्या तलम फडक्यातून गाळीत, निवला की चमचाभर जिभेवर घेऊन पाहत. रविवारी मात्र, पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, प्याला उचलला की दाराजवळच्या शेवटच्या सतरंजीवरून हलकेच उठून बाहेर जात, आणि मंडळीच्या चपला नीट जोडीजोडीने लावीत बसत. सर्वांचे घेऊन झाले की आत येत. नव्याने येणाऱ्यांना वाटे, काय हा विनय! कारण ठाऊक होते ते जुन्या दोनचार जणांना, आणि लीलाबाईंना.

लीलाबाईंनी एकदा चुलीपाशीच त्यांना गाठले होते. “हितं चमचाभर चाखता की. मग तितं का घेत न्हाय?”

“हितं नुस्ता रस हाय,” तात्या फडके पिळीत म्हणाले. “तितं त्याला आमेन म्हणावं लागतं.”

त्यांची एकुलती लेक रिबका. तीस वर्षांपूर्वीच्या अशाच एका शनिवारी तात्या मंदिराच्या पडवीत रस उकळीत होते. नळाला पाणी नव्हते. फडक्याला कालच्या धुळीचा वास येत होता. त्यांनी अंगणात सागरगोटे खेळणाऱ्या लेकीला हाक मारली आणि म्हटले, “फडकं तेवढं पाटाच्या पाण्यात खळबळून आण, बाय. देवाच्या कामाचं हाय, मातीत टाकू नगंस.” कालव्याचा तो फाटा कित्येक आठवडे कोरडा होता. ठिकठिकाणी गुडघाभर डबकी, त्यांत पोरे मासे धरीत. आदल्या रात्री वरून पाण्याचे आवर्तन सुटले होते, आणि उसाला पाणी धरणाऱ्या सर्वांना ते ठाऊक होते. पण ज्याला वावर नाही, त्याला पाण्याच्या पाळ्या कोण सांगणार? कंपनीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या फिटरला ते कळायला मार्गच नव्हता. पोर सवयीच्या वाटेने उतरली, आणि सवयीच्या जागी डबके नव्हते.

कालव्याच्या खालच्या अंगाच्या मोरीपाशी ती संध्याकाळी सापडली. फडके मनगटाला घट्ट गुंडाळलेले होते. मातीत पडले नव्हते.

तेव्हाचे पाळक वृद्ध होते, सज्जन होते. देवाची इच्छा, असे काहीसे ते बोलले. दुःखाच्या प्रसंगी माणसे बोलतात तसे. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, मी तिला माझ्या कामाला धाडली नव्हती. त्याच्या कामाला धाडली होती.” दुसरा दिवस पहिल्या रविवारचा. प्रभुभोजन पुढे ढकलावे असे सर्वांच्या मनात होते. पण सकाळी पातेले झाकून मंदिरात आले. आपल्या धोतराची एक पट्टी फाडून तात्यांनी रस गाळला होता. पाळकांनी प्याला उचलला, आणि तात्या उठून बाहेर गेले.

त्या दिवसापासून त्यांनी प्रार्थनेला तोंड उघडले नाही. जेवायच्या वेळी लीलाबाई डोळे मिटून आभार मानीत, तेव्हा ते ताटावरचा हात मागे घेऊन थांबत. तिचे आमेन झाले की घास मोडीत. कुरकूर नाही, शिव्याशाप नाहीत, की देव नाहीच असे म्हणणे नाही. फडके मात्र पुन्हा कोणाच्या हाती दिले नाही. ते स्वतः धूत, नळावर, उकिडवे बसून.

आणि दुसऱ्या उन्हाळ्यापासून ते मुलांना पोहायला शिकवू लागले. दादासोंची मळ्यातली विहीर, बांधीव, पायऱ्यांची. तात्यांनी गोडेतेलाचे रिकामे डबे गोळा केले, त्यांच्या तोंडांना डाख देऊन ते हवाबंद केले, दोरीसाठी कड्या जोडल्या. पोराच्या पाठीला डबा बांधायचा आणि पाण्यात सोडायचे, ही आपल्याकडची जुनीच रीत. पण तात्यांनी एक नवे केले: पोरींना आधी. आया कचरत. तात्या दारोदार जाऊन सांगत, “पोरगं गावभर हुंदडत आपसूक शिकतंय. पोरगी पाण्यावर जाते ती कामाला जाते. तिला आधी आलं पायजे.” धनगरांच्या, माळकऱ्यांच्या, ऊस तोडायला आलेल्यांच्या, ज्यांची कोणाची असतील त्यांची पोरे त्या विहिरीत उतरली.

काठावर बसून दादासो टिंगल करीत. जातीचा शेतकरी, कपाळाला बुक्का, आणि जीभ तिखट. “तात्या, तुमचा येशू म्हणं पाण्यावरनं चालायचा. आन तुमी पोरांस्नी पाण्यात ढकलताय व्हय?”

“चालाय येत न्हाय म्हणून तर पवाय शिकवतोय, दादासो.”

“मग मला बी शिकवा. मरताना वैतरणी हाय आमाला.”

“तुमाला डबा पुरायचा न्हाय. पिंप लागंल.”

विहिरीच्या कडेने पोरे खिदळत. तात्याही हसत. आत देवाशी अबोला असलेला हा माणूस बाहेर कुणाशीच अबोल नव्हता, हे इथे सांगून ठेवले पाहिजे.

डबा काढण्याची त्यांची पद्धत मात्र निराळी होती. बाकीचे शिकवणारे पोराच्या नकळत गाठ सोडतात. पोर डबा आहे अशा भरवशावर पलीकडे जाते, आणि मग सगळे टाळ्या वाजवतात. तात्यांनी असे कधी केले नाही. ते पोराला काठाशी धरून स्पष्ट सांगत, “डबा काढलाय बरं का. आता तू हाईस आन पाणी हाय.” पोर भोकाड पसरी. “बुडंन की, तात्या!” “मी हितं उभा हाय.” मग केव्हातरी ते पोर रडत रडतच हात मारू लागे. लीलाबाई एकदा म्हणाल्या, कशाला रडवता, गुपचूप काढावा की. तात्या म्हणाले, “फसवून तरलेलं पोर एकटं असलं की बुडतं.”

लीलाबाईंची श्रद्धा जुनी, साधी आणि अखंड होती. लेक प्रभूपाशी आहे, यात त्यांना तिळमात्र संशय नव्हता. आपणही कृपेने तिथे जाऊ, हाही भरवसा होता. त्यांच्या मनात एक चित्र असे: एक स्वच्छ सारवलेली जागा, आणि तिथे तीन ताटे. या चित्रावर त्यांनी तीस वर्षे ढकलली. पण दोनएक वर्षांपूर्वी मंडळीला सौरभ नावाचे तरुण पाळक आले. शिकलेले, तळमळीचे, निर्मळ मनाचे. एका पहिल्या रविवारी त्यांनी तारणावर प्रवचन केले. सत्कर्मांची चळत रचून तिच्यावर उभे राहिले तरी माणसाचा हात स्वर्गाच्या उंबऱ्याला लागत नाही. तारण हे विश्वासाने, दान म्हणूनच पदरी घ्यावे लागते, असे ते म्हणाले. लीलाबाईंनी हे जन्मभर ऐकले होते, आणि जन्मभर त्यांना त्यात दिलासाच वाटला होता. त्या दिवशी त्यांची नजर दाराबाहेर गेली. तात्या एका लहान मुलीच्या चपलेचा तुटलेला अंगठा दाताने ओढून बसवीत होते. लीलाबाईंच्या मनातल्या त्या सारवलेल्या जागी एकाएकी दोनच ताटे दिसू लागली.

त्या आठवड्यातच त्या पाळकांच्या घरी गेल्या.

“सलाम, पाळकसाहेब. एक इचारायचं हाय. कर्मानं तारण होत न्हाय ना?”

“नाही, मावशी. तारण हे दान आहे, मजुरी नाही.”

“मजुरी तर आमच्या ह्यांनी कधी मागितलीच न्हाय. आन दानबी घेत न्हाईत.” त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. “मग अशा माणसाचं काय करतात तितं?”

सौरभ पाळक म्हणाले, “मावशी, विश्वास हे मूळ आणि सत्कर्म हे फळ. फळ धरतंय, त्या अर्थी तात्यांच्या आत कुठंतरी मूळ जिवंत असणार.”

“मुळी कुजली तरी आलेला घड चार दिस हिरवा ऱ्हातो, साहेब. दादासोंच्या बागंत बघितलंय मी.”

“चार दिवस, मावशी. तीस वर्षं नाही.”

हे उत्तर लीलाबाईंना आवडले. पण त्या उठल्या नाहीत. ज्यासाठी आल्या होत्या ते अजून विचारायचे होते. मंडळीत कोणी वारले की मातीवर उभे राहून पाळक म्हणतात, ‘विश्वासात निजलेला आमचा हा बंधू’. “साहेब, येळ आली म्हंजे ते शब्द म्हणाल ना ह्यांच्या मातीवर?”

तरुण पाळकांचा चेहरा उतरला. “तात्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केल्याशिवाय मी कसं म्हणू? देवापुढं उभं राहून सोयीचं खोटं बोलता येत नाही, मावशी. निकाल माझ्या हातात नाही. पण शब्द माझ्या तोंडात आहेत.”

लीलाबाईंना त्यांचा राग आला नाही. खरे बोलणाऱ्या माणसाबरोबर त्यांनी संसार केला होता. पण तीन ताटांचे सारे आता त्या एका वाक्याशी येऊन अडले होते.

पुढच्या हिवाळ्यात तात्यांना घास गिळेना. बारामतीच्या दवाखान्यात तपासले. अन्ननलिकेतले दुखणे फार पुढे गेले होते. तात्या म्हणाले, “यंत्राचं नळकांडं चोंदलं म्हंजे बदलतात. ह्याला स्पेअर न्हाय.” आणि घरी आले. मग पातळ पेज, मग नुसते चमच्याने पाणी, दूध, फळांचा रस. खाटेवर पडून ते खिडकीतून मंदिराच्या दाराकडे पाहत. पहिल्या रविवारी चपला वेड्यावाकड्या पडलेल्या त्यांना दिसत, आणि ते तोंड फिरवीत.

लीलाबाईंच्या सांगण्यावरून पाळक प्रभुभोजनाचा प्याला घेऊन घरी आले. तात्यांनी हात वर करून सलाम केला. “बसा, साहेब. चहा टाक गं.” मग प्याल्याकडे पाहून भुवया चढवल्या. “रस कुणी केला?”

“मी,” लीलाबाई म्हणाल्या.

“मनुका लई उकळल्या. काळा रंग आलाय. कडवट लागंल.”

“तुमी चाखून सांगा की मग,” लीलाबाईंनी डाव टाकून पाहिला.

तात्या हसले, हसताना त्यांना ठसका लागला. तो ओसरल्यावर ते पाळकांना म्हणाले, “साहेब, राग मानू नका. माझी आन त्याची बोलाचाल बंद हाय. बोलाचाल नसलेल्याच्या पंगतीला बसू नये. त्यालाबी अवघड, मलाबी अवघड.”

“तात्या, त्यानं तुमच्याशी बोलणं टाकलेलं नाही.”

“मी कान लावून बसलोय की तीस वरसं. एक शबूद आला न्हाय.”

सौरभ पाळकांनी प्याला मांडीवर धरून ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, “तुम्ही इतक्या पोरांना पोहायला शिकवलंत. हात आपण मारतो. पण तोलून धरतं ते पाणीच ना, तात्या?”

तात्यांनी डोळे मिटले. “व्हय,” ते म्हणाले. “आन बुडवतं बी तेच.”

चहा निवून गेला होता. तो तसाच पिऊन पाळक उठले. जाताना त्यांनी तात्यांच्या पायांना हात लावला. पाळक असे सहसा करीत नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी दादासोंची लेक उत्कर्षा भेटायला आली. तिला पणदऱ्याला दिलेली. कडेवर एक गुटगुटीत पोर, आणि हातात घरच्या डाळिंबांची पिशवी.

“तात्या, वळखलं का?”

“उत्कर्षी. पाण्याला भिऊन बापाच्या मिशा उपटणारी.”

“अजून तेच सांगा सगळ्यांना!” ती हसत खाटेपाशी बसली. पण लगेच तिचा आवाज बदलला. “तात्या, हा माझ्या जावंचा पोरगा. आमच्या शेततळ्याचं प्लास्टिक किती निसरडं असतंय ठावं हाय ना? परवा गेला घसरून. काठावर गडीमाणसं हुती, नुस्ती वरडत हुती. एकालाबी पवाय येईना. मी साडीनिशी उडी टाकली.” तिने पोराला खाली उभे केले. “तुमाला दाखवाय आणलाय.”

पोराने तात्यांच्या दाढीच्या खुंटांना बोट लावून पाहिले. तात्यांनी आपला सुकलेला पंजा त्याच्या डोक्यावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि ते त्यांनी पुसले नाही. “वर आलं,” ते म्हणाले. “पोर वर आलं.” मग बऱ्याच वेळाने, जणू स्वतःशीच, “मला न्हाय जमलं गं.” रिबका गेल्यापासून लीलाबाईंनी त्यांना रडताना पाहिले नव्हते. तिच्या मातीच्या दिवशीही नाही.

त्या रडण्यात काय होते, ते लीलाबाईंना कळेना. दगड पाझरला म्हणावे, की नुसते थकलेले शरीर? त्या दिवसापासून त्यांच्या मनाने एक घेतले, आणि ते काही केल्या सोडीना.

पुढचा पहिला रविवार आला. उपासना झाल्यावर भांडी विसळायला म्हणून त्या मंदिरात मागे राहिल्या. पाळकांनी प्रार्थना करून उचललेल्या प्याल्याच्या तळाशी थोडा रस उरला होता. तो त्यांनी वाटीत काढला, पदराखाली धरला, आणि घरी आल्या. दुपारची वेळ. उन्हाचा एक पट्टा खाटेच्या पायथ्याशी आला होता. त्यांनी तात्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना उठवले.

“डाळिंबाचा रस हाय. उत्कर्षीनं आणलेल्याचा.”

चमचा तोंडात गेला. तात्या तसेच थांबले. ज्या जिभेने इतकी वर्षे दर महिन्याच्या त्या शनिवारी तो रस पारखला होता, तिला काय कळणार नव्हते? त्यांनी डोळे उघडले आणि लीलाबाईंकडे पाहिले. घोट तोंडातच होता. फसवून तरलेलं पोर एकटं असलं की बुडतं. विहिरीच्या काठावरचे ते वाक्य त्यांच्या कानांत वाजले. तीस वर्षे जो माणूस देवाशी खोटे बोलला नाही, त्याच्या शेवटच्या दिवसांत आपण त्याच्या तोंडात खोटे घातले.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ते डाळिंब...”

तात्यांनी हात किंचित वर करून त्यांना थांबवले. मग घोट गिळला. गिळताना त्यांना किती दुखे ते लीलाबाईंना ठाऊक होते. कपाळावर शीर उमटली आणि विरली.

“डाळिंब ग्वाड हाय,” ते म्हणाले. “आणिक दे.”

त्यांनी आणखी दिले. वाटी संपेपर्यंत ते घेत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि त्यानंतर फारसे बोलले नाहीत. त्याच आठवड्यात एका सकाळी, लीलाबाई दूध तापवीत असता, ते गेले.

माती त्याच दिवशी व्हायची होती. लीलाबाईंनी सौरभ पाळकांना आतल्या खोलीत बोलावले आणि दार लोटून घेतले. सांगितले नसते तर कोणालाच कळणार नव्हते. प्याला घेतला, एवढेच म्हटले असते तर ते अक्षरशः खरे होते, आणि मातीवर ते शब्द म्हटले गेले असते. त्यांनी सारे सांगितले: वाटी, पदर, डाळिंबाचे नाव, वर झालेला हात.

“त्यांना कळलं हुतं, साहेब. कळून घेतलं. पण देवानं दिलं म्हणून घेतलं, का मला वाईट वाटू नये म्हणून घेतलं, ते मला ठावं न्हाय. ते असेच हुते. मला दुखू नये म्हणून त्यांनी इखबी पेलं असतं. मी फसवून पाजलं. ते कबुलीत धरू नका.”

पाळक उभेच होते. ते म्हणाले, “मावशी, ज्यानं ते पाहिलं त्याला ते ठाऊक आहे. मला नाही.”

अंगणात गर्दी झाली होती. त्या विहिरीत शिकलेली माणसे, आता कुणी ट्रॅक्टर चालवणारी, कुणी कारखान्यावरची, पोरेबाळे घेऊन आली होती. मंडळीतले दोघे वडीलधारे कुंपणाशी हलक्या आवाजात बोलत होते: प्रभुभोजन घेत नव्हते हो, शेवटपर्यंत. दादासोंनी ते ऐकले. म्हातारपणाने वाकलेली पाठ ताठ करून ते जवळ आले.

“स्वर्गात घेतील का न्हाय ह्याची चर्चा करताय व्हय?” ते म्हणाले. “न्हाय घेतलं तर आमच्याकडं धाडा म्हणावं. आमी घेतो.” आणि तोंडावर उपरणे घेऊन ते तिथेच मटकन खाली बसले.

रिबकेच्या शेजारीच खड्डा काढला होता. पेटी खाली उतरली. सौरभ पाळकांनी पुस्तक उघडले, पण वाचले नाही. लीलाबाईंचे डोळे त्यांच्या ओठांवर खिळले होते. “आमचा हा बंधू,” ते म्हणाले, आणि थांबले. उसाच्या फडातून वारा सरसरत गेला. मंडळी पुढच्या शब्दाची वाट पाहत होती. पाळकांनी पुस्तक मिटले.

“हे परमेश्वरा,” ते म्हणाले, “तुझ्या घरचं काम केलेला हा माणूस आम्ही तुझ्या हाती देतो. याच्याशी आता तू बोल.”

एवढेच. मग मूठमूठ माती पडू लागली. लीलाबाईंनी आपली मूठ टाकली आणि हात तसाच उघडा ठेवून त्या उभ्या राहिल्या. जे शब्द हवे होते ते मिळाले नाहीत. जे मिळाले ते पुरेसे होते की नाही, हे त्या रात्री त्यांना कळले नाही, आणि नंतरही नाही. आभार मानायला डोळे मिटतात तेव्हा सारवलेली ती जागा अजून दिसते. दोन ताटे स्पष्ट. तिसऱ्या जागी कधी काही असते, कधी नसते.

पहिल्या रविवारचा रस आता लीलाबाई करतात. पातेले तेच आहे, आणि गाळायला तात्यांच्या धोतराची पट्टी. चुलीपाशी त्या चाखून पाहत नाहीत; त्यामुळे रस कधी फार गोड होतो, कधी कडवट. मंडळी काही बोलत नाही. चपला दारात पडतात तशाच पडून राहतात.